व्रतात काय दिले, काय राखले

इंदूरहून एका कॅथलिक सिस्टरांचे पत्र आले आहे. नाव आणि संस्था छापू नये, अशी त्यांची विनंती असल्यामुळे पत्राचा सारांश तेवढा देत आहे.

‘मी २९ वर्षांची आहे. नर्सिंगचे शिक्षण पूर्ण करून मी धर्मसंघात प्रवेश केला. पहिली, तात्पुरती व्रते घेऊन पाच वर्षे होत आली आणि पुढच्या वर्षी आजीवन व्रते घ्यायची आहेत. गेली तीन वर्षे मी निमाडातल्या एका आदिवासी खेड्यात दवाखाना सांभाळत होते. पावसाळ्यात आठ दिवसांच्या सूचनेवर माझी बदली शहरातल्या एका वसतिगृहात हिशेबाच्या कामावर झाली. कारण विचारले, तेव्हा “व्रत घेताना तू अट घातली नव्हतीस” एवढेच उत्तर मिळाले. नव्या घरातल्या सुपीरियर (प्रमुख सिस्टर) दर शनिवारी मला बोलावतात आणि मनात काय चालले आहे, प्रार्थनेत काय येते, कन्फेशनमध्ये (धर्मगुरूजवळच्या पापकबुलीत) काय सांगितले, हे विचारतात. सांगितले नाही, तर तो अहंकार ठरतो. रिट्रीटमध्ये (एकांत-प्रार्थनेच्या दिवसांत) आम्हाला संत बेनेडिक्टच्या मठवासीयांसाठीच्या नियमावलीतला पाचवा अध्याय वाचून दाखवला गेला. मनात कुरकुर ठेवून पाळलेली आज्ञा देवाला मान्य होत नाही, असे त्यात आहे. मी बदलीची आज्ञा पाळली, पण मन कुरकुरते. सध्या रजेवर आईबाबांकडे आले आहे, म्हणूनच हे पत्र लिहिता आले. बाबा म्हणतात, तू तुझे स्वातंत्र्य विकलेस, परत ये. आई म्हणते, आता परत आलीस तर समाजात तोंड दाखवता येणार नाही. मी व्रत मोडते आहे का? आणि आजीवन व्रते घ्यावीत का?’

प्रिय सिस्टर,

तुमच्या पत्रात बदली, शनिवारची चौकशी आणि आजीवन व्रते या तीन गोष्टी एकमेकींत गुंतून गेल्या आहेत आणि त्यामुळे तुमचा जीव अधिक घाबरा झाला आहे. तिघींची उत्तरे एक नाहीत. मी स्वतः व्रतस्थ नाही, परंतु माझी सगळी नोकरी इंदुरात सिस्टरांच्या शाळेत शिकवण्यात गेली आणि बदलीचा कागद हाती पडल्यावर सिस्टरांचे चेहरे कसे होतात, हे मी वर्षानुवर्षे जवळून पाहिले आहे. तेव्हा जे लिहिते आहे ते तुमचे दुःख हलके लेखून लिहीत नाही, एवढे आधी मान्य करावे.

बदलीबाबत माझे उत्तर तुम्हाला कदाचित रुचणार नाही. कुठे राहायचे, कोणते काम करायचे आणि ते कधी सोडायचे, हे ठरवण्याचा हक्क तुम्ही पहिली व्रते घेतानाच संस्थेच्या हाती दिलेला आहे. आज्ञापालनाच्या व्रतात प्रत्यक्ष दिले जाते ते हेच. त्यामुळे दवाखान्यातून वसतिगृहात पाठवले, एवढ्यावरून तुमच्यावर अन्याय झाला, असे मला म्हणता येत नाही. अन्याय असलाच, तर तो पाठवण्याच्या पद्धतीत आहे. १९८३ साली लागू झालेल्या कॅथलिक धर्मसभेच्या कायद्यातले ६१८ वे कलम वरिष्ठांना सांगते की त्यांनी आपला अधिकार सेवेच्या भावनेने वापरावा, हाताखालच्या व्यक्तींचा माणूस म्हणून आदर राखावा आणि त्यांचे म्हणणे आपण होऊन ऐकावे. शेवटचा निर्णय मात्र वरिष्ठांचाच राहतो, हेही तेच कलम सांगते. ‘तू अट घातली नव्हतीस’ हे उत्तर या कलमाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाला धरून आहे आणि पहिल्या अर्ध्या भागाला सोडून आहे.

आता बेनेडिक्टविषयी. तुमचा संघ बेनेडिक्टच्या परंपरेतला आहे की नाही, हे पत्रावरून कळत नाही. पण ज्यांनी तुम्हाला पाचवा अध्याय वाचून दाखवला, त्यांनी उरलेले अध्यायही वाचायला हवे होते, असे मला अगदी मनापासून वाटते. सहाव्या शतकात इटलीतल्या मोंते कास्सिनोच्या मठासाठी लिहिलेल्या या नियमावलीत ७३ अध्याय आहेत. पाचव्यात आज्ञा विनाविलंब आणि कुरकुर न करता पाळावी असे सांगितले आहे, आणि ती कुरकुर ओठांवरची असो वा मनातली, दोन्ही बेनेडिक्टला नको आहेत, हे खरे आहे. त्यात मला काही पातळ करून सांगायचे नाही. परंतु याच बेनेडिक्टने ६८ वा अध्याय लिहिला आहे आणि तो संपूर्ण अध्याय एखाद्या बंधूला न झेपणारी किंवा अशक्य वाटणारी आज्ञा मिळाली तर त्याने काय करावे, याच एका प्रश्नाला दिलेला आहे. त्याने आधी ती आज्ञा शांतपणे स्वीकारावी. भार आपल्या शक्तीबाहेरचा आहे असे दिसले, तर योग्य वेळ पाहून, संयमाने आणि अहंकार न धरता, आपल्याला ते का जमत नाही याची कारणे वरिष्ठांपुढे मांडावीत. एवढे ऐकूनही वरिष्ठ आपल्या म्हणण्यावर कायम राहिले, तर देवाच्या साहाय्यावर विसंबून आज्ञा पाळावी.

हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचले की पाचव्याचा धाक निराळा वाटू लागतो. मनात दाबून ठेवलेली कुरकुर बेनेडिक्टला नको होती, म्हणूनच त्याने ती वरिष्ठांसमोर येऊन बोलून दाखवण्याची वाट करून दिली. तुम्ही आज्ञा पाळलीत, पण बोलण्याची ती पायरी तुम्हाला कोणी चढू दिली नाही आणि मग न बोललेले मनात साचले, याचा दोष तुम्ही स्वतःच्या माथी घेतला. तिसऱ्या अध्यायात तर महत्त्वाच्या विषयावर मठाधिपतीने सगळ्या बंधूंना बोलावून सल्ला घ्यावा असे म्हटले आहे आणि त्याचे कारण असे दिले आहे की जे अधिक चांगले आहे ते देव पुष्कळदा सर्वांत लहान व्यक्तीला सुचवतो. ज्या नियमावलीत लहानाचे ऐकून घेण्याची ही आज्ञा मठाधिपतीला दिलेली आहे, तिचा आधार घेऊन तुम्हाला गप्प बसवता येत नाही. आणि दवाखाना सोडावा लागल्याचे दुःख म्हणजे कुरकुर नव्हे. ज्यांच्या तान्ह्या मुलांना तुम्ही पाहिले, ज्यांच्या घरी रात्री कंदील घेऊन गेलात, त्यांच्यासाठी रडू येणे हे तुम्ही तिथे मनापासून काम केल्याचे लक्षण आहे.

आज्ञा पाळायची आणि आपले म्हणणे पुन्हा पुन्हा मांडायचे, हे दोन्ही एकाच माणसाला करता येते, याचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उदाहरण कोलकात्याच्या मदर तेरेसांचे आहे. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या प्रवासात त्यांना लोरेटो संघ सोडून गरिबांत जाण्याची हाक आली, असे त्या मानत. आर्चबिशप पेरिए यांनी त्यांना थांबायला सांगितले. मधल्या काळात, जानेवारी १९४७ मध्ये, त्यांची बदली कोलकात्याहून आसनसोलला झाली. त्या आसनसोलला गेल्या, नेमून दिलेले काम करत राहिल्या आणि तिथूनही आर्चबिशपांना पत्रांमागून पत्रे लिहीत राहिल्या, की आता उशीर करू नका. परवानगी मिळून त्यांनी कॉन्व्हेंट सोडले ते ऑगस्ट १९४८ मध्ये. त्या पत्रांना कोणी व्रतभंग म्हटले नाही. तुम्हीही प्रोव्हिन्शियलांना (संघाच्या प्रांतप्रमुखांना) लिहा. बदलीवर राग काढणारे पत्र लिहू नका. दवाखान्यात कोणते रुग्ण अर्धवट उपचारावर राहिले आहेत, तिथे आता प्रशिक्षित परिचारिका आहे की नाही, आणि हिशेबाच्या या कामाची मुदत किती, एवढेच विचारा. तुमच्या म्हणण्यात दवाखान्याची गरज पुढे आणि तुमची इच्छा मागे असेल, तर ऐकणाऱ्यालाही ते नाकारणे जड जाईल.

आपल्या इंदूर धर्मप्रांतात राहणाऱ्या माणसाला या विषयावर बोलताना सिस्टर राणी मारिया यांची आठवण येणारच. बिजनोर, मग सतना धर्मप्रांत आणि शेवटी १९९२ पासून देवास जिल्ह्यातले उदयनगर, असे त्यांच्या सेवेचे टप्पे झाले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी त्यांची हत्या झाली आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून घोषित करण्यात आले. ज्या उदयनगरमुळे आज आपण त्यांना ओळखतो, ते त्यांच्या वाट्याला अनेक वर्षे दुसरीकडे काम केल्यानंतर आले. तेव्हा बदलीने माणसाचे जीवनकार्य संपतेच असे नाही. पण त्यांचे उदाहरण कोणी ‘पाहा, त्या कशा गेल्या, आणि तू?’ अशा सुरात तुमच्यापुढे ठेवले, तर ते मनावर घेऊ नका. एका स्त्रीने सर्वस्व दिले, म्हणून दुसरीने आपले म्हणणे मांडायचे नाही, हा निष्कर्ष तिच्या आयुष्यातून निघत नाही.

शनिवारच्या चौकशीविषयी मात्र माझ्या मनात यत्किंचितही संदेह नाही. सुपीरियरांनी हे करता कामा नये आणि तुम्ही ते चालू देता कामा नये. त्याच कायद्याच्या ६३० व्या कलमात असे आहे की कन्फेशन आणि आध्यात्मिक मार्गदर्शन या बाबतींत वरिष्ठांनी सभासदांना योग्य ते स्वातंत्र्य द्यावे. सभासदाने आपण होऊन, विश्वासाने, वरिष्ठांजवळ मन मोकळे करायला हरकत नाही. परंतु आपल्या अंतःकरणातले सांगण्यासाठी वरिष्ठांनी कोणत्याही प्रकारे भाग पाडणे या कलमाने स्पष्टपणे निषिद्ध केले आहे. ‘न सांगणे म्हणजे अहंकार’ असे म्हणणे हा भाग पाडण्याचाच प्रकार झाला. (तुमचा संघ केरळातल्या सिरो-मलबार या पौर्वात्य कॅथलिक परंपरेतला असेल, तर तुम्हाला १९९० चा पौर्वात्य धर्मसभांचा कायदा लागू होतो. तेव्हा कलमांचे क्रमांक आपल्या संघाच्या जाणकारांकडून तपासून घ्या.) कन्फेशनमध्ये काय सांगितले, हा प्रश्न तर कोणी कोणालाच विचारू नये.

हा नियम कोणा आधुनिक, सुखवस्तू माणसाच्या सोयीसाठी झालेला नाही. स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसांनी १५६२ साली आपला पहिला सुधारित मठ स्थापन केला, तेव्हा त्यांनी कडक एकांतवास, दारिद्र्य आणि आज्ञापालन हे सारे स्वीकारले. आणि त्याच तेरेसांनी आपल्या भगिनींना ठरलेल्या कन्फेसरखेरीज (पापकबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूखेरीज) इतर विद्वान, जाणत्या व्यक्तींशीही बोलता यावे, म्हणून हट्ट धरला, कारण एकाच माणसापुढे मन उघडण्याची सक्ती झाली, की आतल्या जीवाचे किती हाल होतात, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या मठांचा वृत्तांत लिहिताना त्यांनी एक प्रसंग दिला आहे. एका भगिनीने मोठा किडा सापडला म्हणून कौतुकाने मठप्रमुखांना दाखवला. त्या थट्टेने म्हणाल्या, मग खाऊन टाक. भगिनी सरळ स्वयंपाकघरात जाऊन तो तळायला लागली. तेरेसांना त्या भगिनीचा भाव आवडला, पण त्यांनी बजावले ते मठप्रमुखांना, की तुमच्या हाताखालच्या बायका इतक्या आज्ञाधारक आहेत, म्हणून तोंडातून शब्द काढताना तुम्हीच जपले पाहिजे. आज्ञा पाळणाऱ्याची तयारी जितकी मोठी, तितकी आज्ञा देणाऱ्यावरची जबाबदारी मोठी, हा हिशेब त्यांनी चारशे वर्षांपूर्वी मांडून ठेवला आहे.

आपल्या मराठी माणसांना या वादाची ओळख पंडिता रमाबाईंमुळे आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्या वेळी त्या तिथल्या अँग्लिकन सिस्टरांच्या आश्रयाला होत्या. पुढे सिस्टर जेराल्डीन आणि त्यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यात रमाबाईंनी निक्षून कळवले, की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, माझा निर्णय मला स्वतः करायचा आहे आणि एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून मी दुसऱ्या जोखडाखाली मान देणार नाही. ती पत्रे मराठी स्त्रीने जपून ठेवावीत अशी आहेत. फक्त एक भेद ध्यानात घ्या. रमाबाईंनी आज्ञापालनाचे व्रत घेतलेले नव्हते, तुम्ही घेतले आहे, म्हणून कामाच्या आणि बदलीच्या बाबतीत त्यांची भाषा तुम्हाला जशीच्या तशी वापरता येणार नाही. पण त्यांनी जे राखले, ती सदसद्विवेकबुद्धी, तुम्हीही व्रतात दिलेली नाही. ती मागण्याचा अधिकार धर्मसभेने कोणत्याच सुपीरियरला दिलेला नाही.

तेव्हा पुढच्या शनिवारी शांतपणे सांगा, की कामाबद्दल, प्रकृतीबद्दल, घरातल्या शिस्तीबद्दल जे विचाराल ते मी सांगेन, आणि अंतःकरणातले मी माझ्या कन्फेसरशी आणि मार्गदर्शकाशी बोलते. एवढेच वाक्य, आवाज न चढवता. त्यावर आग्रह झाला, तर प्रोव्हिन्शियलांच्या कानावर घाला. घरी आल्यावरच पत्र लिहिता आले, असे तुम्ही लिहिता. बेनेडिक्टच्या ५४ व्या अध्यायात मठाधिपतीच्या परवानगीवाचून पत्रे देण्याघेण्याला मनाई आहे, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. परंतु तुम्हाला बांधील आहे ते तुमच्या संघाचे संविधान आणि त्यात पत्रांविषयी काय आहे, हे तुम्ही स्वतः वाचले पाहिजे. व्रताची बांधिलकीदेखील संविधानाला धरून दिलेल्या आज्ञेपुरतीच असते. पाप करायला सांगणारी आज्ञा कोणाचीही असली तरी पाळायची नसते. आणि चौकशीच्या पलीकडे अंगचटीला येणे, धमकी किंवा मारहाण असे काही असेल, तर तिथे सबुरीचा प्रश्नच येत नाही. ते लगेच बाहेर सांगायचे आणि पोलिसांतही जायचे.

आता आजीवन व्रते. तुम्ही ‘घ्यावीत का’ असे विचारता. त्याचे हो किंवा नाही असे उत्तर मी देणार नाही, कारण ते तुमच्याशिवाय कोणी देऊ नये अशीच या व्रताची रचना आहे. बेनेडिक्टच्या ५८ व्या अध्यायात नव्या माणसाला वर्षभरात तीनदा, आधी दोन महिन्यांनी, मग सहा, मग चार महिन्यांनी, सारी नियमावली वाचून दाखवली जाते. पहिल्या वाचनानंतर सांगितले जाते, की हा तो नियम, पाळवत असेल तर आत ये, नसेल तर मोकळेपणाने परत जा. त्याने व्रते घेतल्यावर त्याचे बाहेरचे कपडे उतरवून मठाच्या कोठारात ठेवून देतात. पुढे कधी तो मठ सोडून निघालाच, तर ते त्याला परत देता यावेत, म्हणून. माणूस आयुष्यभर राहणार, या अपेक्षेने त्याला घेतले आणि तरी त्याचे कपडे जपून ठेवले. मला हा तपशील त्या सबंध नियमावलीतला सर्वांत दयाळू तपशील वाटतो.

आजच्या कायद्यातही तीच दृष्टी आहे. नोव्हिशिएट, म्हणजे व्रतांआधीचा उमेदवारीचा काळ, किमान बारा महिन्यांचे. त्यानंतर तात्पुरती व्रते तीन ते सहा वर्षांची. जरूर वाटल्यास ती मुदत वाढवून देता येते, मात्र एकूण काळ ९ वर्षांहून अधिक होता कामा नये. सक्ती, गंभीर भीती किंवा फसवणूक यांमुळे घेतलेली व्रते ग्राह्य नाहीत. तात्पुरत्या व्रतांची मुदत संपली, की सभासदाला कोणाच्याही विशेष परवानगीवाचून बाहेर पडता येते. आजीवन व्रतांनंतर तसे राहत नाही. मग अत्यंत गंभीर कारणे द्यावी लागतात आणि पोपच्या अधिकाराखालच्या संघांतून सुटका रोमकडूनच मिळते. आईच्या भीतीचे उत्तरही यातच आहे. मुदत संपल्यावर परत येणारी सिस्टर व्रत मोडून आलेली नसते, तिने व्रत पूर्ण केलेले असते. शेजारीपाजारी हे समजून घेतीलच असे नाही, पण आईला हे तुम्ही समजावून सांगू शकता.

फादर नेहेमिया गोरे यांचेही उदाहरण आईबाबांना सांगा. काशीत वाढलेला हा मराठी शास्त्री १८४८ मध्ये ख्रिस्ती झाला, पंडिता रमाबाईंच्या श्रद्धेवर त्यांचा खोल ठसा उमटला. ते ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील संन्यासी बंधूंमध्ये नोव्हिस म्हणून राहिले, पण अंतिम व्रते त्यांनी घेतली नाहीत. म्हणून कोणी त्यांना अपुरा माणूस मानले नाही.

बाबांना मात्र सांगा, की मी काही विकलेले नाही. पोप ग्रेगरी यांनी बेनेडिक्टच्या काळातल्या मार्टिन नावाच्या एका एकांतवासीची गोष्ट लिहून ठेवली आहे. गुहेबाहेर फार दूर जाऊ नये, म्हणून त्याने पायाला साखळी बांधून ती खडकाला अडकवली होती. बेनेडिक्टने निरोप पाठवला, की तू देवाचा सेवक असशील, तर तुला लोखंडाच्या साखळीने धरून ठेवू नये, ख्रिस्ताच्या साखळीने धरावे. मार्टिनने साखळी काढली आणि तरी तो साखळीच्या लांबीपलीकडे कधी गेला नाही. तुमच्यापुढचा प्रश्न हाच आहे. सुपीरियरांची भीती, लोकलाज आणि बाहेर पडून काय करू ही धास्ती, हे सगळे काढून टाकले, तरी तुम्ही तिथेच राहाल का? उत्तर हो असेल, तर वसतिगृहाच्या हिशेबासकट व्रते घ्या. नसेल, तर घेऊ नका. आज ते कळत नसेल, तर थोडा अवधी मागून घ्या. बदलीच्या रागाच्या भरात निघून येणे आणि भीतीपोटी आजीवन व्रते घेणे, हे दोन्ही मला सारखेच चुकीचे वाटते.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. परिचारिका म्हणून असलेली तुमची नोंदणी चालू ठेवा आणि मूळ प्रमाणपत्रे कुठे आहेत, हे पाहून ठेवा. तुम्ही राहिलात तर दवाखान्याला ती लागणारच आहेत आणि निघालात तर पोटाला. संघ सोडणाऱ्याला तिथे केलेल्या कामाचा मोबदला मागता येत नाही. मात्र त्याच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावे, असे कायदा संघालाही बजावतो. म्हणून तशी वेळ आली, तर मदतीविषयी विचारायला संकोच करू नका.

दुसरी गोष्ट मुदतवाढीच्या अर्जाची. तुमची पाच वर्षे होत आली आहेत, म्हणजे कायद्याने अजून वाव आहे. एक वर्षाची वाढ मागा आणि त्या वर्षात तुमच्या घराबाहेरच्या, संघाबाहेरच्या एखाद्या अनुभवी मार्गदर्शकाकडे दीर्घ रिट्रीट करण्याची परवानगीही त्याच अर्जात मागा. कारण म्हणून बदलीची तक्रार लिहू नका, निर्णय मोकळ्या मनाने करायचा आहे एवढेच लिहा. ठरलेल्या तारखेच्या पाच-सहा महिने आधी अर्ज द्या, कारण त्यावर कौन्सिलचा (प्रमुखांच्या सल्लागार मंडळाचा) विचार घेतला जाईल आणि त्यांच्या बैठका वारंवार होत नाहीत. प्रत स्वतःजवळ ठेवा आणि उत्तर लेखी मागून घ्या.